चौदा सदस्य, एक कोट

आमच्या मावशीला सगळं गाव डागमावशी म्हणतं. नवखा माणूस हे ऐकून दचकतो, पण यात अपमान काही नाही, तो तिचा धंदा आहे. बाजाराच्या चौकातल्या फोटो स्टुडिओत, काउंटरमागच्या छोट्या खोलीत बसून ती गेली पंचवीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढते. तिच्या खुर्चीला पाच चाकं होती, आता चार आहेत. पाचव्याच्या जागी फोटोच्या कागदाचं रिकामं खोकं सरकवलेलं असतं. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की कलंडतं, आणि मावशीला त्याचा मनापासून आनंद होतो.

डाग काढण्याचे तिचे नियम ठरलेले आहेत. फुटकुळी काढायची, तीळ ठेवायचा. "फुटकुळी आठ दिवसांनी जाणारच असते, मी तिला जरा आधी घालवते इतकंच," ती म्हणते. "तीळ त्या माणसाबरोबर म्हातारा होणार. त्याला हाकलणारी मी कोण?" एका गृहस्थाने एकदा फोटोतलं वाकडं नाक सरळ करून मागितलं. मावशी म्हणाली, "देते की. पण मग ओळखपत्र दाखवायला जाताना नाकही बदलून घेऊन जा." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, पण त्यांची बायको येते आणि दर वेळी मावशीशी हात मिळवून जाते.

आता कोटाचं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ कोटाचा आहे.

नोकरीचा अर्ज म्हटला की लोकांना कोटातला फोटो हवा असतो आणि कोट कोणाकडेच नसतो. म्हणून स्टुडिओच्या खुंटीवर मोठ्या मालकांचा, म्हणजे आताच्या मालकाच्या वडिलांचा, एक काळा कोट टांगलेला असायचा. आलेला माणूस तो चढवायचा, फोटो काढायचा, घामासकट परत टांगायचा. पुढे त्या कोटाला कसर लागली. तो पुरता संपायच्या आत मावशीने त्याचा फोटो काढून घेतला आणि कोट संगणकात उतरवला. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून गावातला प्रत्येक पुरुष फोटोत तोच कोट घालतो. बँकेचा रोखपाल, दातांचे डॉक्टर, एकमेकांविरुद्ध लढणारे दोन वकील, नळ दुरुस्त करणारा, सगळे. एकदा पोलीस ठाण्याच्या फलकावर एका फरारी माणसाचा फोटो लागला होता, त्याच्या अंगात हाच कोट. ज्या शिपायाने तो फलक लावला, त्याच्या ओळखपत्रावरही हाच. फरक फक्त टायचा. नोकरीसाठी लाल, परदेशासाठी निळा.

समोरच्या शिंप्याला मात्र या फोटोंचा राग होता. "या गावातल्या माणसांचे खांदे मी रोज मोजतो," तो म्हणायचा. "फोटोत सगळ्यांचेच दोन-दोन इंच कमी कसे होतात?" मावशी त्याला चहा पाजायची आणि विषय बदलायची.

तर एका मंगळवारी सकाळी मालक मागच्या खोलीत आला. मावशीने त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांसमोर ती त्याला "अहो मालक" म्हणते आणि चिडली की "ए". तो दारातच उभा राहिला. याचा अर्थ बातमी वाईट होती.

"मावशी, हे सॉफ्टवेअर बंद करतोय. परवा महिना संपतो, पुढचं भाडं भरणार नाही."

मावशी ज्यावर काम करायची ते सॉफ्टवेअर पूर्वी कुठल्याशा मित्राच्या मित्राकडून आलेल्या चकतीवर होतं. त्या चकतीच्या कुळशीलाची चौकशी कोणी केली नव्हती. नवा संगणक आल्यावर मालकाने सरळ मार्ग धरला आणि ते दरमहा भाड्याने घेतलं. सरळ मार्ग बराच महाग निघाला.

"जेवढे पैसे त्याला देतो तेवढ्यात मी एक म्हैस पोसली असती," मालक म्हणाला.

"म्हशीला डाग काढता येतात का?"

"डागांसाठी ॲप आहे. एक बोट लावायचं, झालं." त्याने फोन काढला, स्वतःचा फोटो घेतला, बोट लावलं आणि मावशीसमोर धरला. मिशा तेवढ्या शाबूत होत्या. बाकी चेहरा सोललेल्या उकड्या अंड्यासारखा गुळगुळीत झाला होता.

"ही कोणाची मुलगी?" मावशीने विचारलं.

मालक दुखावला. पण त्याचं ठरलं होतं. ॲप आलं की मागच्या खोलीत तो झेरॉक्स मशीन ठेवणार होता. मावशीने आता आराम करावा, असं त्याने फार गोड शब्दांत सांगितलं.

दुपारी ती माझ्याकडे आली. मी वाचनालयात काम करते. आमच्या वाचनालयाला सॉफ्टवेअरसाठी मिळणारी रक्कम गेली बारा वर्षं शून्य असल्यामुळे फुकट मिळणारं सगळं मला तोंडपाठ आहे. मावशी टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "आराम कर म्हणतो मला. घरी बसून काय करू? आरशात स्वतःचे डाग मोजू?" आणि माझ्या टेबलावरचे शिक्के उगाच ओळीत लावायला लागली. मी लहान असताना आई आजारी होती, तेव्हा शाळेतून सुटून मी त्या मागच्या खोलीतच बसायचे आणि मावशी मला लोकांचे तीळ दाखवत आकडे शिकवायची. त्याच खोलीत आता झेरॉक्स मशीन येणार होतं. मला राग इतका आला की एक वाचक पुस्तक उशिरा घेऊन आला होता, त्याला मी विनाकारण झापलं.

"मावशी, हेच काम करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात," मी म्हटलं.

"फुकट? मग त्यात खोट असणार."

"खोट नाही. लोक आपापल्या घरी बसून बनवतात आणि वाटतात."

"त्यांच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि तिला घेऊन स्टुडिओकडे निघाले.

आम्ही दोघी मालकासमोर उभ्या राहिलो. योगायोगाने त्याच दिवशी नगरपालिकेचं काम आलं होतं. सभागृहात लावायची मोठी फ्रेम, त्यात एकवीस सदस्यांचे फोटो. सात बायका आपापल्या चांगल्या कपड्यांत फोटो काढून गेल्या होत्या. उरलेले चौदा पुरुष शर्टावर आले होते आणि चौदांनाही कोट हवा होता.

मालकाने हनुवटी खाजवली. "सोमवारी सकाळी फ्रेम द्यायची आहे. तुमच्या फुकट सॉफ्टवेअरवर ती नीट झाली तर खुर्ची तुमची, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झाली तर झेरॉक्स."

"ए, लिहून दे," मावशी म्हणाली. त्याने खरंच एका पाकिटावर लिहून दिलं.

मी रजा टाकली आणि बुधवारी आम्ही दोघी कामाला लागलो. आधी एक असं बघितलं जे इंटरनेटवरच चालतं. ते मावशीला आवडलं होतं, कारण दिसायला जुन्यासारखंच होतं. पण आमच्या बाजारात नेट मनाला येईल तेव्हा येतं, मनाला येईल तेव्हा जातं. मग क्रिटा उघडलं. ते चित्रकारांसाठी केलेलं. त्यात कुंचले इतके की मावशीने अख्खी दुपार एकेक कुंचला चालवून बघण्यात घालवली आणि मालकाच्या फोटोला झुबकेदार शेपूट काढलं. शेपूट झकास आलं होतं. पण नगरपालिकेला शेपूट नको होतं.

शेवटी जिम्प. ते सुरू होताना चिन्हात एक प्राणी दिसतो, तोंडात ब्रश धरलेला. मी म्हटलं कोल्हा. मालक डोकावून म्हणाला मुंगूस. शिंप्याला बोलावलं, तो म्हणाला कुत्रा, आणि ठामपणे म्हणाला.

"कोणी का असेना," मावशी म्हणाली, "ब्रश तोंडात धरून कामाला हजर झालाय ना? बसू दे." त्या क्षणापासून सॉफ्टवेअरचं नाव कोल्होबा पडलं.

आता मावशीची पद्धत अशी की ती पडद्यावरचं काहीच वाचत नाही. कोणत्याच भाषेत नाही. "वाचत बसले तर काम कधी करू?" तिला सगळं जागेवरून ठाऊक. वरून तिसरं, उजवीकडून दुसरं. कोल्होबाने सगळ्या जागा बदललेल्या. पहिल्या दिवशी ती फुटकुळी काढायला गेली आणि सदस्याचा कान तिरका झाला. मात्र चांगल्या कातडीचा तुकडा डागावर उमटवणारा शिक्का आणि डाग बुजवणारी चिकटपट्टी ही तिची दोन जुनी हत्यारं तिथे चित्रासकट सापडली, तेव्हा परगावी शेजारी भेटल्याचा आनंद तिला झाला. अडचण एकच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्का मारण्याआधी कीबोर्डवरचं जे बटण दाबायचं, ते इथे वेगळं. तिचा अंगठा ऐकेना. मग तिने नव्या बटणावर गुलाबी नेलपॉलिश लावलं. ते वाळायच्या आत दाबलं. त्या दिवशी चौकातल्या अर्ध्या लोकांच्या पावत्यांवर गुलाबी अंगठा उमटला.

गुरुवारी कोटाची वेळ आली. खरी भीती तीच होती. कोटाची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनलेली, बावीस वर्षांची. ती इथे उघडलीच नाही तर? चौदा सदस्य शर्टावर, झेरॉक्स मशीन मागच्या खोलीत आणि मावशी घरी. मी बटण दाबलं. मावशीने माझं मनगट पकडलं. कोल्होबाने थोडा वेळ विचार केला आणि कोट समोर आला. टाय, कॉलर, गुंड्या, सगळं आपापल्या थरात, सुखरूप.

"सगळे आलेत का बघू," मावशी म्हणाली. प्रत्येक थराच्या शेजारी एक छोटा डोळा असतो. उघडला की थर दिसतो, मिटला की लपतो. मावशी आयुष्यात काही खोडत नाही, डोळा मिटून ठेवते. माणसांच्या बाबतीतही तिचं तेच आहे. ती एकेक डोळा उघडत खाली गेली, आणि सगळ्यात खालचा, शेवटचा डोळा उघडल्यावर मी किंचाळले.

कोटाच्या कॉलरमधून मावशीचं डोकं वर आलं होतं.

तिशीतली मावशी. केस घट्ट बांधलेले, कानात लांब लोंबते डूल, आणि हसू आवरत नाहीये असा चेहरा.

"अगं, कोटाचा फोटो काढायचा तर आत कोणीतरी नको का?" ती म्हणाली. "मोठे मालक कॅमेऱ्यामागे. हा आपला मालक दहावीच्या परीक्षेला गेलेला. मीच घातला. पाठीला अकरा टाचण्या लावल्या होत्या."

म्हणजे बावीस वर्षं गावातला प्रत्येक पुरुष मावशीच्या खांद्यांवर उभा होता. शिंप्याचे दोन इंच सापडले. मी जमिनीवर बसून हसले.

"हा डोळा उघडाच ठेव," मावशी म्हणाली. "गिऱ्हाइकाचं डोकं कुठे बसवायचं ते मला माझ्या मानेवरून कळतं. छपाईला देताना मिट म्हणजे झालं." मिटायचं काम माझं, असं ठरलं. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

डोकी बसवणं सोपं नव्हतं. कोल्होबात काही चिकटवलं की ते आधी तरंगत राहतं, त्याला मुद्दाम खाली बसवावं लागतं. हे कळेपर्यंत उपाध्यक्षांचं डोकं कोटाच्या खिशापाशी तरंगत होतं. नेमका तेव्हा मालक आला.

"हे काय?"

"साहेब खिशात काहीतरी शोधतायत," मावशी म्हणाली. "सापडलं की वर येतील."

शनिवारी संध्याकाळपर्यंत चौदा जण कोटात होते. फुटकुळ्या गेल्या होत्या, तीळ जागेवर होते. अध्यक्षांच्या डाव्या भुवईला एक जुनी खोक आहे, तीही मावशीने जपून ठेवली होती. मी फायली छपाईला पाठवल्या. मोठी फ्रेम रविवारी तयार झाली, कागदात गुंडाळूनच आली आणि सोमवारी सकाळी सभागृहाच्या भिंतीवर लागली. मालकाने मावशीला चक्क बिस्कीट दिलं.

अकरा वाजता नगरपालिकेतून फोन आला. अध्यक्षांनी फोटो करणाऱ्यांना बोलावलं होतं. ताबडतोब.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा सभागृहात सगळे सदस्य भिंतीकडे तोंड करून उभे होते. मीही वर बघितलं. फोटो सुंदर आले होते. फक्त चौदाही पुरुषांच्या कानांखाली एकेक लांब डूल लोंबत होतं. मोठमोठ्या चेहऱ्यांनी मावशीचं डोकं झाकलं होतं, डूल तेवढे दोन्ही बाजूंनी डोकावत होते. पहिल्या तासाभरात एकालाही ते दिसले नव्हते, कारण प्रत्येक जण आपण कसे दिसतो एवढंच बघत होता. दिसले ते एका सदस्यबाईंना. "सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेत," त्या मैत्रिणीला म्हणाल्या, आणि मग सगळ्यांनीच माना वर केल्या.

मी तोंड उघडायच्या आत मालक पुढे सरसावला. "साहेब, चूक झाली. पण काळजी नको, माझ्याकडे दुसरी तयारी आहे." त्याने फोन काढला. या पठ्ठ्याने चौदाही जणांना गुपचूप ॲपमध्ये गुळगुळीत करून ठेवलं होतं. मला इतका राग आला की मी त्याच्या पायावर पाय दिला.

अध्यक्षांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हा कोण?"

"तुम्ही, साहेब."

"आणि हा?"

"हे उपाध्यक्ष."

"हे दोघं भाऊ आहेत का?" अध्यक्षांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "आणि ही खोक कुठे गेली? बहिणीला सायकलवर डबलसीट शाळेत नेताना पडलो, तिला खरचटू दिलं नाही, माझी भुवई फुटली. ही खोक दाखवून मी दोनदा निवडून आलोय! आणि तुम्ही ती एका बोटाने पुसली?"

मालकाने फोन खिशात घातला. अध्यक्ष पुन्हा फ्रेमकडे वळले.

"पण भिंतीवर मला कानातले का घातलेत, ते कोण सांगणार?"

"ती चूक माझी..." मी सुरुवात केली. मावशीने मला मागे सारलं.

"ते माझे आहेत," ती म्हणाली. "कोटात मी आहे. तुमच्या सगळ्यांच्या मागे मीच उभी आहे. डोळा मिटायचा राहिला."

"आमच्या चौदा जणांच्या मागे?"

"आजचं नाही, साहेब. तुमच्या पहिल्या नोकरीच्या अर्जातही मीच होते. तुमच्या पासपोर्टवरही. बावीस वर्षं झाली."

अध्यक्षांनी भिंतीकडे बघितलं, मग मावशीकडे, मग तिच्या खांद्यांकडे. त्यांचं पोट आधी हलायला लागलं, हसू नंतर आलं. मग सगळेच हसले. उपाध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"संध्याकाळपर्यंत कानातले काढा," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "आणि काढायचे ते मावशींनीच. ॲपवाल्याने हात लावायचा नाही." सगळ्यात वयस्कर सदस्य मात्र हळूच मावशीपाशी आले. त्यांच्या बायकोला फोटो पाठवला होता आणि तिचा निरोप आला होता, तुमचे राहू द्या, शोभतायत.

आम्ही लगेच परत निघालो. स्टुडिओत आल्यावर मावशी खुर्चीवर बसली, कोल्होबा उघडला आणि कामाला लागली. मालक तिच्या मागे उभा राहिला.

"मावशी, तो शेवटचा थर दाखवा ना."

तिने डोळा उघडला. वडिलांचा कोट घालून, अकरा टाचण्या लावून, हसू दाबत उभी असलेली मावशी. मालक कितीतरी वेळ बघत राहिला. मला वाटतं तो कोट बघत होता, आणि मग त्याला बाई दिसली.

"हा फोटो कधी छापला का नाही?"

"कोणी मागितला नाही," मावशी म्हणाली.

मी मान फिरवली. पंचवीस वर्षं सगळ्या गावाचे फोटो तिच्या हाताखालून गेले होते आणि तिचा एकही भिंतीवर नव्हता. मला, सख्ख्या भाचीलाही, हे कधी सुचलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मालकाने ते लिहून दिलेलं पाकीट खुर्चीसमोरच्या भिंतीला टाचून टाकलं आणि जाऊन खुर्चीला नवं चाक आणलं. मावशीने ते खणात ठेवलंय, बसवलेलं नाही, कारण मग लोक कलंडणार कसे? आणि मावशीचा फोटो त्याने मोठा छापून दर्शनी काचेत लावला. कोट, डूल, हसू, सगळ्यासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ दुरुस्त करणारा काचेसमोर थांबला. खूप वेळ बघत राहिला. मग आत येऊन काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "मावशी, तुम्ही माझा कोट घातलाय."

"हो," मावशी म्हणाली, "थंडी वाजत होती. धुवून परत देते."